बिनहातांची खुर्ची

रविवारी दुपारी ऑफिस उघडावं लागलं, याचा सासूबाईंना बसच्या प्रकरणापेक्षा जास्त राग आला असावा, असं वहिनीला वाटलं. वर घर, खाली घरच्याच जनसंपर्क कंपनीचं ऑफिस, आणि मधला जिना रविवारी कुणी उतरायचा नाही, हा कायदा त्यांचाच. आज त्याच पुढे होऊन उतरल्या. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत त्यांनी दार उघडलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "एसी लावू नका. आज घाम आला तर येऊ दे."

त्यांच्यामागून दादा उतरला, म्हणजे घरातला थोरला, वहिनीचा नवरा. मग त्याची बहीण धाकटी, आणि शेवटी लॅपटॉप छातीशी धरलेली वहिनी. शिपायापासून क्लायंटपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. लग्नाआधी आपण वर्तमानपत्रात बातमीदार होतो, लोक आपल्याला बघून खुर्चीत सावरून बसायचे, हे आता तिचं तिलाही मुद्दाम आठवावं लागे.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं. चाकांच्या, गाद्यांच्या खुर्च्या होत्या. आणि टेबलाच्या टोकाला ती एक, सरळ पाठीची, लाकडी, हात नसलेली. ज्या क्लायंटला उद्या पत्रकारांसमोर उभं राहायचं असेल त्याला आदल्या दिवशी तिच्यात बसवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला नको नको ते विचारायचं, अशी या घराची पद्धत होती. "हाताची खुर्ची दिली की माणूस रेलतो," सासूबाई म्हणत, "आणि एकदा रेलला की थापा मारायला लागतो." एक कारखानदार त्या खुर्चीतून उठून तडक घरी निघून गेला होता आणि महिन्याभराने स्वतः फुलं घेऊन परत आला होता. घरातलं मात्र त्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

शुक्रवारी जे घडलं ते एव्हाना गावभर झालं होतं. शाळेच्या बसचा क्लच भर रस्त्यात गेला. ड्रायव्हर मुलांना दुसऱ्या बसमध्ये चढवत होता. बस कंपनी यांची जुनी क्लायंट, त्यामुळे खबर लगेच इथे आली आणि दादाने नेहमीच्या चपळाईने पालकांच्या ग्रुपवर आणि बातम्यांच्या साइट्सवर एक वाक्य सोडलं. 'सर्व मुलं सुखरूप घरी पोहोचली आहेत.' बातमी फुटायच्या आत पहिलं वाक्य आपलं असलं पाहिजे, हा या ऑफिसचा अभिमान होता आणि त्यात दादाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

फक्त सर्व मुलं पोहोचलेली नव्हती. एक मुलगी शेवटच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती. बंद बस ओढून वर्कशॉपमध्ये नेली, शटर पडलं, मिस्त्री घरी गेले. जाग आल्यावर पोरगी अंधारात पुढे आली, ड्रायव्हरच्या जागेवर चढली आणि कुणीतरी येईपर्यंत तिने हॉर्न दाबून धरला. तोवर तिच्या आईचा जीव टांगणीला लागून तास उलटून गेले होते.

"आपल्या सगळ्यांपेक्षा त्या पोरीला जास्त कळतं," सासूबाई खुर्ची ओढत म्हणाल्या. "कधी वाजवायचं आणि कधी नाही."

ते बोलणं दादाला लागलं हे वहिनीला दिसलं. सासूबाईंचे वडील गाडीच्या टपावर भोंगा बांधून गावोगाव नाटकांच्या जाहिराती पुकारत. सासूबाई स्वतः गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर बसल्या, कामगारांच्या बायकांच्या तक्रारी ऐकता ऐकता गिरणीच्या जनसंपर्क अधिकारी झाल्या आणि गिरणी बंद पडल्यावर या तळमजल्यावर त्यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं. म्हणूनच इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला आधी एक वर्ष दाराजवळच्या टेबलावर बसून लोकांचे फोन घ्यावे लागत. तक्रारी, शिव्या, रडारड, सगळं. त्याला सगळे 'फोनचं वर्ष' म्हणत. वहिनीने ते काढलं होतं, नामांकित बातमीदार असूनही. धाकटीने एक काढून दुसरं मागून घेतलं होतं. दादा तेवढा मॅनेजमेंटची पदवी घेऊन आला आणि थेट केबिनमध्ये बसला. लेकाच्या बाबतीत कडक माणसंही मऊ होतात.

आणि उद्या, सोमवारी, सासूबाई कारभार त्याच्याकडे सोपवणार होत्या. केबिनच्या दारावरची त्याच्या नावाची नवी पाटी रंगवून आली होती, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली होती.

*

बस कंपनीचे मालक घामाघूम होऊन आले. पाच वाजता शाळेच्या सभागृहात पालकांची सभा होती. तिथे काय बोलायचं ते ठरवायला सगळे जमले होते, पण मालक ठरवूनच आले होते.

"बाई, मी ड्रायव्हरला काढून टाकतोय. मोजायला चुकला, विषय संपला. तुम्ही फक्त ते नीट शब्दांत बसवून द्या."

"त्याचं काय म्हणणं आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याचं काय म्हणणं असणार? मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. गरीब आहे, बोलून बसला तर अजून अंगाशी यायचं."

दादा घसा साफ करत म्हणाला, "ड्रायव्हरला काढायची भाषा आत्ता नको. चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवलंय, एवढंच म्हणू. आणि आपल्या शुक्रवारच्या वाक्याबद्दल, गैरसमजातून प्राथमिक माहिती दिली गेली, असं काहीतरी." त्याने वहिनीकडे पाहिलं. "तू लिही ना. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

ते खरं होतं. वहिनीची बोटं आपोआप चालू लागली. अशा वाक्यांत तिचा हातखंडा होता, ज्यात काम होतं पण करणारा कुणी नसायचा. या खोलीत एक गोष्ट मात्र फक्त तिला आणि दादाला माहीत होती. शुक्रवारी रात्री जेवण टाकून बसलेला दादा तिला एकटीला बोलून गेला होता. ड्रायव्हरशी तो फोनवर बोलला होता. ड्रायव्हर म्हणाला होता, "साहेब, मोजतोय अजून, थोडं थांबा." आणि दादा थांबला नव्हता.

ती गप्प राहिली तर उद्या पाटी लागणार होती. बोलली तर नवरा तोंडघशी पडणार होता, तोही आईसमोर आणि बहिणीसमोर. आणि तिकडे एक माणूस नोकरीला मुकणार होता, ज्याला बोलायचीही परवानगी नव्हती.

तिने वाक्य वाचून दाखवलं. मालकांची मान लगेच हलली. सासूबाईंची हलली नाही, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. त्यांचं मन लेकाकडे झुकलेलं वहिनीला स्पष्ट दिसत होतं.

इतका वेळ खिडकीशी उभी असलेली धाकटी वळली. "मी काल वर्कशॉपमध्ये जाऊन आले. त्या शेवटच्या सीटवर स्वतः आडवी झाले आणि मिस्त्रीला ड्रायव्हरच्या जागेवरून बघायला सांगितलं. त्याला मी दिसले नाही. एवढी मोठी बाई दिसली नाही, तर पोर काय दिसणार? तिथे डोळ्यांचं काही काम नाही, मोजण्याचंच आहे. म्हणून मला जाणून घ्यायचंय की मोजणी कुठे अडली." मग ती वहिनीकडे वळली. आवाज अजिबात चढला नाही. "वहिनी, तू अजून पेपरात असतीस आणि हे वाक्य तुझ्या हातात पडलं असतं, तर तू काय विचारलं असतंस?"

वहिनीची बोटं थांबली. उत्तर द्यायला विचार करावा लागतच नव्हता. "माहिती दिली गेली म्हणजे कुणी दिली, ते विचारलं असतं."

"मग सभागृहात कुणीतरी विचारेलच." धाकटीने मालकांकडे पाहिलं. "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का? चहा पाठवते. ही घरातली गोष्ट आहे."

वयाने दुप्पट असलेला तो माणूस मुकाट्याने उठून बाहेर गेला. फोनवर दोन वर्षं लोकांच्या शिव्या ऐकणाऱ्या माणसाच्या आवाजात एक शांतपणा येतो, त्याला कुणी हट्टाने उत्तर देत नाही. वहिनीने हे आधीही पाहिलं होतं, पण आज तिला पहिल्यांदाच वाटलं की हा आवाज दाराजवळच्या टेबलावरचा राहिलेला नाही.

"दादा," धाकटी म्हणाली, "खुर्चीत बसतोस?"

"कोण, मी?" दादा हसला. "मी क्लायंट आहे का?"

"नाहीस. पण वाक्य तुझं आहे."

दादाने आईकडे पाहिलं. आता त्या त्याला वाचवतील असं त्याला वाटलं असावं. वहिनीलाही तसंच वाटलं. सासूबाईंनी ती लाकडी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "बस," त्या म्हणाल्या. "तुला मी फोनवर बसवलं नाही, ती माझी चूक. या खुर्चीत तरी बस."

दादा बसला. त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. मोठमोठ्या माणसांची त्या खुर्चीत तीच गत होई.

पहिला प्रश्न सासूबाईंचा. "घाई कसली होती?"

"आपली पद्धतच आहे ना, आई. पहिलं वाक्य आपलं. तूच शिकवलंस."

"पहिलं शिकवलं. खरं हे शिकवावं लागतं, हे माहीत नव्हतं."

मग धाकटी. "'सर्व' हा शब्द कुणाला विचारून घातलास?"

"परिस्थिती बघता..."

"दादा, परिस्थितीला फोन नसतो. कुणाला विचारलंस?"

"मालकांचा नंबर लागत नव्हता."

"म्हणजे कुणालाच नाही?"

दादाने हात मांडीवरून काढून टेबलावर ठेवले. सुटायची वाट तिथेच होती. कुणालाच विचारलं नाही म्हटलं की गोष्ट निष्काळजीपणावर भागली असती. चार दिवस मान खाली घालून पुन्हा वर काढता आली असती. धाकटीने वहिनीकडे पाहिलं, आता तुझी पाळी, अशा नजरेने. तिला काहीही माहीत नव्हतं. ती फक्त पद्धतीप्रमाणे वळली होती.

वहिनीने लॅपटॉप मिटला. मूग गिळून बसणं तिला इतक्या वर्षांत जमायला लागलं होतं, लोक त्याला समजूतदारपणा म्हणत. तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस वाईट नव्हता. शुक्रवारपासून तो धड जेवला नव्हता. आणि म्हणूनच, तिला वाटलं, हे त्याच्या पोटात ठेवणं बरं नव्हे.

"ड्रायव्हरशी तुझं फोनवर बोलणं झालं होतं," ती म्हणाली. "तो काय म्हणाला होता?"

खोलीत बाहेरच्या चहाच्या कपांचा आवाज ऐकू आला. दादाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आधी राग होता, मग नुसताच थकवा, आणि शेवटी एक विचित्र सुटल्यासारखा भाव. तसा भाव तिने पूर्वी, बातमीदार असताना, कबुली देणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"मोजतोय म्हणाला," दादा म्हणाला. "थोडं थांबा म्हणाला. मी थांबलो नाही."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. धाकटी उठली, भावाशेजारी गेली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. इतका वेळ त्याला टोकरणारी हीच, हे खरं वाटू नये.

"झालं," ती म्हणाली. "आता सभागृहात काय बोलायचं ते लिहायची गरजच नाही. तुझं तुलाच माहीत आहे."

"मी बोलू? आपण कधी समोर येत नाही. आईचा नियम आहे, आपला चेहरा दिसता कामा नये."

"नियम क्लायंटच्या चुकांसाठी होता," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"आणि मालक? ते कॉन्ट्रॅक्ट मोडतील."

"मोडू देत," धाकटी म्हणाली. "त्यांच्याशी मी बोलते."

ती बाहेर गेली. दाराच्या फटीतून वहिनीला दिसत होतं, ती मालकांसमोर स्टुलावर बसली होती, त्यांच्यापेक्षा खाली. मालक आधी हातवारे करत होते. मग फक्त ऐकत होते. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. ती त्यांना काय म्हणाली ते वहिनीला पुढे कधीच पूर्ण कळलं नाही. एवढंच कानावर आलं, "काका, ड्रायव्हरला सोबत घेऊन चला. आणि त्याला बोलू द्या."

*

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मालकांनी सुरुवातीचं दोन वाक्यांत आटोपलं आणि दादा पुढे गेला. त्याच्या हातात कागद नव्हता. इतक्या वर्षांत वहिनीने त्याला कागदाशिवाय बोलताना पाहिलं नव्हतं.

"शुक्रवारी तुम्हाला जे वाक्य आलं ते कंपनीचं नाही," तो म्हणाला. "ड्रायव्हरचंही नाही. ते माझं आहे. ड्रायव्हर मला म्हणाले होते की मोजणी चालू आहे. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही."

मागून कुणीतरी ओरडलं. कुणी त्याला बसायला सांगितलं. पुढच्या रांगेत एक बाई उठली तसे सगळे चिडीचूप झाले. मुलीची आई होती ती. रडून रडून तिचा आवाज कधीच संपला असावा, कारण ती अगदी हळू बोलली.

"मी आधी शाळेत गेले. माझी मुलगी आली नाही म्हटलं. तिथल्या बाई म्हणाल्या, सर्व पोहोचलीत, हे बघा, आलंय. मी चौकीत गेले. त्यांनीही तेच दाखवलं. शेजारी बघा म्हणाले, मैत्रिणीकडे गेली असेल. मला सगळीकडे तुमचंच वाक्य दाखवत होते. तुमचं वाक्य खरं आणि मी खोटी. मुलीची आई खोटी."

दादा एक पाऊल पुढे आला. वहिनीला वाटलं आता तो नेहमीसारखं काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. ते त्याला येत होतं, त्याचे तो पैसे घेत होता. पण तो नुसता उभा राहिला. बाई बोलायची थांबली तरी उभाच राहिला.

मग भिंतीशी उभा असलेला ड्रायव्हर पुढे आला. धाकटीने त्याच्या पाठीला नुसता हात लावला होता. "मोजत होतो, ताई," तो मुलीच्या आईला म्हणाला. "एक कमी भरत होतं. परत मोजायला लागलो, तेवढ्यात मालकांचा फोन आला. सर्व पोहोचली म्हणून मोबाइलवर आलंय, आता काय मोजतोस, निघ म्हणाले. मला वाटलं, पोरीला कुणी घरचं येऊन घेऊन गेलं असेल. मोठी माणसं लिहितात म्हणजे त्यांनी बघितलं असेल."

मालकांनी मान खाली घातली. दादाने मात्र वर केली. वाक्य नुसतं चुकीचं नव्हतं, त्याने चालू मोजणी थांबवली होती. हे त्याला आत्ता, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा कळत होतं. वहिनीला त्याच्याजवळ जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. तो एकटा उभा होता आणि त्याला तसं उभं राहता येत होतं, याचा तिला लग्नानंतर कधी वाटला नव्हता एवढा अभिमान वाटला.

"तुम्ही खोट्या नव्हता," तो शेवटी मुलीच्या आईला म्हणाला. "मी होतो. हे मी तुम्ही जिथे जिथे गेलात तिथे जाऊन सांगेन. शाळेत, चौकीत, सगळीकडे."

आणि तो गेलाही. धाकटी त्याच्याबरोबर गेली, दोन्ही ठिकाणी, एक शब्द न बोलता.

*

सोमवारी सासूबाईंनी सगळ्या ऑफिसला उभं करून धाकटीच्या हातात केबिनची किल्ली दिली. भाषण केलं नाही. "हिला विचारा," एवढंच म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या. धाकटी किल्ली मुठीत धरून भावाकडे बघत होती. तिने हे मागितलं नव्हतं.

"मला एक टेबल हवंय," दादा म्हणाला.

"कुठलं?"

त्याने दाराजवळ, शिपायाच्या स्टुलाशेजारी बोट दाखवलं. कुणीतरी हसलं, मग हसणं चुकलं हे लक्षात येऊन खोकलं. धाकटीचे डोळे भरून आले. ते लपवायला तिने शिपायाला फोनची वायर नीट करायला सांगितली. कपाटावरची पाटी वहिनीनेच काढून आत ठेवली.

बस कंपनीने कॉन्ट्रॅक्ट मोडलं नाही. ड्रायव्हर कामावर परत आला. गुरुवारी दुपारी वहिनी दाराजवळून जात होती तेव्हा फोन वाजला. दादाने उचलला. दोन शब्द ऐकून तो सरळ बसला, आणि पलीकडे कोण आहे ते वहिनीला कळलं. मुलगी आज पहिल्यांदा त्याच बसने परत शाळेत गेली होती. तिचाच हट्ट होता म्हणे, ड्रायव्हरकाकांच्याच बसने जाणार.

"शाळा सुटली का, बस निघाली का, सगळी बसली का," पलीकडचा आवाज एका दमात विचारत होता. वहिनीपर्यंत ऐकू येत होतं.

"मला माहीत नाही," दादा म्हणाला. "विचारतो. तुम्ही फोन ठेवू नका."

या ऑफिसात 'मला माहीत नाही' हे वाक्य बाहेरच्या माणसासमोर आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. केबिनच्या दारात धाकटी येऊन उभी राहिली होती. जिन्यावर सासूबाई थांबल्या होत्या. दादाने एका कानाला रिसीव्हर तसाच धरून दुसऱ्या हाताने मोबाइलवर ड्रायव्हरला फोन लावला.

पलीकडे मुलांचा कलकलाट होता, आणि त्यातून एक जाडाभरडा आवाज आकडे म्हणत होता. दादा ऐकत राहिला. घाई केली नाही, मध्ये बोलला नाही.

"काय झालं?" मुलीच्या आईने विचारलं. "काय म्हणाले?"

"मोजतायत," दादा म्हणाला. "थांबूया आपण."